संसाराचा हिशेब : जुन्या गाडीचे चाक आवाज करते तेव्हा



आपल्या वस्त्यांतून आता दारापुढे चारचाकी दिसू लागली आहे. ती बहुधा नवी नसते. कुणी निवृत्तीच्या पैशांतून सेकंड हँड मारुती ८०० घेतलेली असते, कुणी कर्ज काढून जुनी ओम्नी घेऊन शाळेची मुले ने-आण करीत असतो, तर कुणी रात्रपाळीला दुसऱ्याची टॅक्सी चालवून घर चालवीत असतो. मारुती ८०० चे उत्पादन १९८३ साली सुरू झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी ८०० देखील आज दहा वर्षांहून अधिक वयाची आहे. ओम्नीचे उत्पादनही २०१९ साली बंद झाले. नीट निगा राखली तर या गाड्या अजून चांगली साथ देतात. मात्र वय झाले की माणसाची जशी हाडे बोलू लागतात, तशी जुन्या गाडीची चाके बोलू लागतात.

चाकातून आवाज येऊ लागला की आपल्यापैकी बरेच जण दोहोंपैकी एक गोष्ट करतात. काही जण रेडिओ मोठा करतात आणि दुखणे अंगावर काढतात. काही जण थेट गॅरेजमध्ये जातात आणि "काहीतरी आवाज येतोय, बघा जरा" एवढेच सांगून गाडी सोडून येतात. पहिल्या प्रकारात जिवाला धोका असतो, दुसऱ्या प्रकारात खिशाला. एका टॅक्सीचालकाची हकीगत अशीच आहे. गाडीतून घूं-घूं आवाज येत होता. आधी पुढचे दोन टायर बदलले, आवाज कायम. मग शॉकअप बदलले, तरी कायम. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने गाडी चालवून पाहिली आणि मागच्या एका चाकाचे बेअरिंग गेल्याचे सांगितले. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असा तो प्रकार झाला. महिनाभराची कमाई नको त्या सामानात गेली.

आवाज कशामुळे येतो, हे शोधणे मिस्त्रीचे काम आहे. पण तो कधी, कुठून आणि काय केल्यावर येतो, हे सांगणे गाडी चालवणाऱ्याचे काम आहे. रोज स्टेअरिंगवर बसणाऱ्याला जे दिवसभर ऐकू येते, ते मिस्त्रीला पाच मिनिटांच्या फेरीत ऐकू येईलच असे नाही.

आधी नोंद करा

डॉक्टर जसे ताप कधी चढतो, थंडी वाजते का, असे विचारतात, तसे गाडीचेही आहे. मुलांची एखादी अर्धी राहिलेली वही गाडीत ठेवा आणि दोन-तीन दिवस पुढील गोष्टी लिहून काढा.

१. आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो? वेग वाढला की तो वाढतो का?
२. सरळ जाताना येतो, की वळताना? डावीकडे वळताना, की उजवीकडे?
३. ब्रेक दाबल्यावर येतो, की ब्रेक दाबल्यावर थांबतो?
४. गुळगुळीत रस्त्यावरही येतो, की फक्त खड्ड्यात?
५. सकाळी गाडी थंड असताना येतो, की दूरवर चालल्यानंतर?
६. गाडी माणसांनी भरलेली असताना वाढतो का?

आवाज कोणत्या बाजूचा आहे, हे एकट्या चालकाला सहज कळत नाही. घरातल्या कुणाला तरी मागच्या सीटवर बसवावे. मागच्या चाकाचा आवाज पुढे बसलेल्यापेक्षा त्यांना लवकर कळतो. अशा कामी घरातल्या बायकांचे आणि मुलांचे कान फार उपयोगी पडतात. दुसरी युक्ती अशी, की काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीकडेने हळू गाडी न्यावी. भिंतीवर आपटून आवाज परत येतो आणि त्या बाजूचे चाक बोलत असेल तर स्पष्ट ऐकू येते. मग उलट दिशेने येऊन दुसरी बाजू ऐकावी.

आवाज चाकाचाच आहे का?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात गाडी न्यूट्रल करावी आणि ती आपोआप पुढे जाऊ द्यावी. इंजिनचा आवाज उतरला तरी घूं-घूं किंवा खर-खर तशीच राहिली आणि गाडीचा वेग कमी होईल तशी कमी होत गेली, तर दोष चाकाकडचा समजावा. उभ्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबल्यावर तोच आवाज येत असेल, तर तो चाकाचा नव्हे. न्यूट्रल करताना किल्ली मात्र कधीही बंद करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि स्टेअरिंग लॉक होण्याचाही धोका असतो.

फुकटात सुटणारे आवाज

गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल तर हळू चालताना टिक्-टिक् असा आवाज येतो आणि वेग वाढला की टिक्-टिक् भराभर होते. खिळा असला तरी असेच होते. खिळा मात्र रस्त्यात उपटू नये, पंक्चरवाल्याकडे जाऊन काढावा. व्हील कॅप सैल असेल तर ती खडखडते. मडगार्डच्या आतले प्लास्टिक सुटून टायरला घासते. डिकीत जॅक आणि पाना मोकळे पडलेले असले, तरी मागचे चाकच गेले असे वाटते. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांत बारीक खडा अडकला तर कानठळ्या बसतील अशी किंचाळी ऐकू येते. पुष्कळदा गाडी थोडी मागे-पुढे घेतल्यावर तो खडा पडून जातो.

चाकाचे नट मात्र नीट पाहावेत. चाक नुकतेच काढून बसवले असेल आणि त्यानंतर हळू चालताना ठक-ठक होऊन स्टेअरिंग थरथरू लागले, तर नट सैल असल्याची शंका घ्यावी आणि तिथेच थांबावे. नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. पंक्चर काढल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. या कामाला पैसा लागत नाही.

घूं-घूं : टायर की बेअरिंग?

वेगाबरोबर वाढणारा, विमान दुरून जावे तसा जड आवाज दोन कारणांनी येतो. एक तर टायर वेडेवाकडे झिजलेले असतात, नाहीतर चाकाचे बेअरिंग गेलेले असते. टायर आणि बेअरिंग यांत फसगत होते ती इथेच.

रस्ता बदलल्यावर आवाज बदलतो का, ते पाहावे. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर टायरवर संशय घ्यावा. रस्ता कोणताही असो, आवाज तसाच राहिला तर बेअरिंगवर. टायरवर तळहात फिरवून पाहावा. करवतीच्या दातांसारखे चढ-उतार लागले तर झीज सारखी नाही. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहावे. टायरांबरोबर आवाजाची जागाही बदलली, तर दोष टायरचा ठरला. यासाठी नवीन काहीही विकत घ्यावे लागत नाही.

बेअरिंगची खूण वेगळी आहे. मोकळ्या आणि रुंद रस्त्यावर, मागेपुढे वाहन नाही असे पाहून, बेताच्या वेगात स्टेअरिंग हलके डावीकडे आणि मग उजवीकडे घ्यावे. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर पडतो. डावीकडे घेताना घूं-घूं वाढली तर बहुधा उजव्या बाजूचे बेअरिंग गेलेले असते, आणि उजवीकडे घेताना वाढली तर डाव्या बाजूचे. हा नियम दर वेळी लागू पडतोच असे नाही, म्हणून जॅकवर खात्री करावी.

सपाट, कडक जमिनीवर गाडी उभी करावी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावावेत. पुढचे चाक उचलायचे असेल तर हँडब्रेक ओढावा आणि गाडी न्यूट्रल करावी, म्हणजे उचललेले चाक फिरते. मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचे चाक उचलताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा. जॅकखेरीज गाडीखाली पक्का स्टँड लावावा. विटांचा थर लावू नये, वीट भाराने फुटते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, कितीही थोड्या वेळासाठी, जाऊ नये.

आता चाक हाताने फिरवावे. चांगले बेअरिंग गुपचूप फिरते, गेलेले बेअरिंग जात्यासारखे घरघरते. चाकाजवळच्या स्प्रिंगवर हात ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले, तर ती घरघर बोटांना जाणवते. मग टायर वर-खाली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवावे. चाक हलले तर गॅरेजवाले त्याला 'प्ले' म्हणतात. असा प्ले मिळाला की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावा आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही हलत राहिले तर बॉल जॉइंट किंवा त्याच्या जवळपासचा सांधा सैल आहे. पुढचे चाक डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर प्ले जाणवला तर स्टेअरिंगकडचा टाय रॉड एंड तपासून घ्यावा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जाते, ग्रीस खराब होते आणि कित्येक आठवड्यांनी आवाज सुरू होतो. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पूर, ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आपण पाहिला. अशा पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढे धुऊन-पुसून विकायला येतात. स्वस्तात मिळणारी गाडी घेताना तिचे चारही चाकांचे आवाज ऐकल्याशिवाय विसार देऊ नये.

वळताना कट-कट

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा एक्सल असतो. चाकाजवळ त्याचा एक सांधा असतो आणि त्यावर ग्रीस भरलेला रबरी बूट असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, माती आत शिरते आणि सांधा झिजू लागतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू निघाल्यावर कट-कट-कट ऐकू आले, तर हा सांधा गेला असे समजावे. मोकळ्या मैदानात एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे गोल फेरी घेऊन पाहावे. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचे चाक बोलते.

यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे बूट फाटल्यावर आवाज लगेच येत नाही. दर महिन्याला स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या आतल्या बाजूला डोकावावे. रिमच्या आत काळे ग्रीस उडालेले दिसले तर बूट फाटला आहे. त्याच वेळी बूट आणि ग्रीस बदलले तर काम शेकड्यांत भागते. कट-कट सुरू होईपर्यंत थांबले तर ते हजारांत जाते.

ब्रेकची चीं आणि खर्र

पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते. डिस्कवर गंजाचा पातळ थर चढलेला असतो, तो घासून जातो. त्यासाठी खर्च करू नये. परंतु दिवसभर ब्रेक दाबताना बारीक चीं-चीं येत असेल तर पॅड झिजत आले असण्याचा संभव आहे. काही पॅडना मुद्दामच पत्र्याची जीभ दिलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून ओरडते. ब्रेक ऑइलची पातळी खाली उतरणे हीदेखील पॅड झिजल्याची एक खूण आहे.

चीं जाऊन खर्र-खर्र सुरू झाली, म्हणजे पॅडचा मसाला संपला आणि लोखंड लोखंडाला घासू लागले. आता ब्रेक नीट लागणार नाही आणि डिस्कही खराब होईल. असल्या गाडीतून मुलाबाळांना नेऊ नये. पॅड बदलताना दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. मागच्या ड्रममधल्या लायनरलाही हाच नियम आहे.

ब्रेक न दाबताच घासल्याचा आवाज येत असेल, तर गाडी थांबल्यावर प्रत्येक रिमजवळ हात न लावता नुसता नेऊन पाहावा. तीन चाके कोमट आणि एक तापलेले असेल, जळका वास येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक अडकून राहिला आहे. कसारा घाटात किंवा बोरघाटात उतरताना सगळेच ब्रेक तापतात. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, तिला बाक येतो.

खड्ड्यात ठक-ठक

गुळगुळीत रस्त्यावर शांत असलेली आणि खड्ड्यात ठक्-ठक् करणारी गाडी बहुधा रबरी बुश, बॉल जॉइंट, शॉकअप किंवा त्याची वरची बैठक यांपैकी काहीतरी सैल झाल्याचे सांगत असते. उभ्या गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. ती एक-दोनदा हलून स्थिर व्हावी. होडीसारखी डुलत राहिली तर शॉकअप गेला. बुश स्वस्त असतो, आणि पुष्कळदा सगळा आवाज एवढ्याशा रबराचा असतो. म्हणून पूर्ण सेट बदला, असे कुणी म्हणाले तर आधी बुश आणि सांधे हलवून दाखवायला सांगावे.

रस्ता सपाट असूनही धप्-धप् येत असेल तर टायरची बाजू पाहावी. तिथे फुगवटा आलेला असेल तर आतले धागे तुटले आहेत. असा टायर केव्हाही फुटतो. तो लगेच बदलावा. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, तिच्यावरून त्याचे वय कळते. २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जुने टायर विकत घेताना हे आकडे जरूर वाचावेत.

गॅरेजमध्ये बोलताना

वहीतली नोंद मिस्त्रीला वाचून दाखवावी. "चाळीसच्या पुढे घूं-घूं येते, डावीकडे घेताना वाढते, सिमेंटच्या रस्त्यावरही तशीच राहते," असे सांगणाऱ्या माणसाला कुणी उगाच शॉकअप विकत नाही. मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारावी. दोष कसा ठरवला ते विचारावे. सामानाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. काढलेला जुना भाग परत मागावा आणि पावती घ्यावी. यात संकोच कसला? आपण घामाचे पैसे देतो. एका बाजूचे बेअरिंग गेले म्हणून चारही बदलण्याची गरज नसते. मात्र बेअरिंग प्रेसवर बसवायला सांगावे. हातोडीने ठोकून बसवलेले नवे बेअरिंगही लवकर जाते.

चांगला मिस्त्री अशा प्रश्नांवर रागावत नाही. तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला कारागीर असतो. त्याला नीट माहिती दिली तर त्याचाही वेळ वाचतो आणि काम चोख होते.

पुढील चार गोष्टींत मात्र गॅरेजची वेळ होईपर्यंतही गाडी चालवू नये : चाकाचे नट सैल असणे, टायरला फुगवटा येणे, ब्रेक दाबल्यावर लोखंड घासणे आणि घूं-घूं करणाऱ्या चाकाला हाताने जाणवेल इतका प्ले असणे. बेअरिंग पुरते गेले तर चाक जाम होते किंवा निखळते. रस्त्यात थांबून ओढून नेणाऱ्याला पैसे द्यावे लागले तरी ते द्यावेत. एका दिवसाचा धंदा बुडेल, मुलांच्या पालकांना निरोप द्यावा लागेल, गावचा कार्यक्रम चुकेल. हे सगळे पुढे भरून काढता येते.

या रविवारी अर्धा तास काढा. घरातल्या मुलामुलींना बरोबर घ्या, चारही चाकांचे नट पाना लावून पाहा, टायरवर हात फिरवा, बूट फाटला आहे का ते बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुन्हा पाहा.